संशयिताची अदलाबदल

सिंहस्थाची चाहूल लागली की नाशकात खोदलेल्या रस्त्यांबरोबर व्याख्यानांचेही पीक येते. आणि या खेपेच्या व्याख्यानांत, मग ती गर्दीच्या नियोजनावर असोत, वाहतुकीवर असोत किंवा नुसत्या प्रगतीवर असोत, एक सिद्धान्त इतक्या निःशंकपणे मांडला जातो की त्यावर शंका घेणेही अशिष्टपणाचे वाटावे. माणूस जात्या फुकट्या आहे. तिकीट ही वस्तू त्याच्या फुकटेपणाला आळा घालण्यासाठी जन्मली. आणि आता मोबाइलच्या पडद्यावरचा क्यूआर कोड व स्थानकाच्या तोंडाशी आपोआप उघडझाप करणारे दार यांनी ते कार्य तडीस नेले आहे, असा तो सिद्धान्त. यातले अखेरचे विधान यंत्रांच्या विक्रेत्यांवर सोपवून देऊ. पहिल्या दोहोंना मात्र इतिहासाचा काडीचा आधार नाही. आगगाडी आणि ट्राम यांच्या आरंभकाळात भाडे गोळा करण्याची जी जी साधने निघाली, ती मुख्यतः मालकाने आपल्या चाकरावर नजर ठेवण्यासाठी काढलेली होती, आणि प्रवाशाचे स्थान त्या व्यवहारात आरोपीचे नसून साक्षीदाराचे होते.

ज्या हातात भाडे पडते तोच हात गाडीच्या मालकाचा असेल तर तिकिटाची गरज पडत नाही, हे समजण्यासाठी नाशिकबाहेर जावे लागत नाही. रेल्वेचे स्थानक गावापासून कोसांवर पडले, त्यामुळे नाशिकरोडला उतरलेल्या यात्रेकरूला पंचवटीपर्यंत पोचवण्याचा धंदा टांगेवाल्यांच्या हाती गेला. टांगेवाला भाडे ठरवी, घासाघीस करी, पैसे कनवटीला लावी, आणि रात्री त्याचा हिशेब तपासणारे त्याच्या घरच्या माणसांखेरीज कोणी नसे. पुढे १८८९ साली स्थानक आणि गाव यांना जोडणारी, चार घोड्यांनी ओढायची ट्राम अरुंद रुळांवरून मेन रोडपर्यंत धावू लागली आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी बंद पडली. टांग्यात आणि या ट्राममध्ये घोडे दोन की चार एवढाच भेद नव्हता: ट्रामचा मालक कचेरीत बसलेला, पैसे घेणारा पगारी माणूस गाडीवर, आणि दोघांच्या मध्ये दिवसभराचा रस्ता. अशा अंतरावर आपल्या जुन्या राज्यव्यवस्थेने शोधलेला तोडगा म्हणजे मक्ता. जकात असो वा नदीवरची तर, ठोक रक्कम घेऊन वसुली दुसऱ्याच्या अंगावर टाकायची आणि प्रत्येक पैशाच्या चिंतेतून मोकळे व्हायचे. रेल्वेला हा तोडगा चालण्यासारखा नव्हता. एका स्थानकावर दिलेल्या भाड्यात पुढच्या कितीतरी मैलांचा, प्रसंगी दुसऱ्या कंपनीच्या रुळांचाही वाटा असे, आणि स्थानकागणिक मक्तेदार नेमून तो वाटा काढता येत नसे. हिशेब हवा होता, आणि तो कारकुनाच्या शब्दावर विसंबून न राहणारा हवा होता.

तो देणाऱ्या टॉमस एडमंडसनचे नाव रेल्वेच्या इतिहासाचा परिचय असलेल्यांना सांगायला नको. लँकेस्टरचा हा क्वेकर सुतार धंद्यात बुडाला आणि १८३६ च्या सुमारास न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेवर मिल्टन या लहानशा स्थानकात कारकून झाला. तेव्हाची तिकिटे घोडागाड्यांच्या रिवाजाप्रमाणे कागदावर हाताने लिहून फाडून देत. एडमंडसनने पुठ्ठ्याची छोटी, छापील, अनुक्रमांक घातलेली तिकिटे केली. ती नळीत एकावर एक रचली, आणि तारीख ठोकण्याचे यंत्र बनवले. आपल्याकडे ज्यांनी खिडकीपलीकडून तो ‘ठक्’ असा आवाज ऐकला आहे त्यांना त्याचे वर्णन नको. ध्यानात घ्यायचे ते एवढेच, की सायंकाळी नळीतील तळच्या तिकिटाचा क्रमांक पाहिला, त्यातून सकाळचा क्रमांक वजा केला आणि उरलेल्या आकड्याला भाड्याने गुणले, की पेटीत किती रक्कम असली पाहिजे हे कोणालाही सांगता येई. या गणितात प्रवासी कोठेच नाही. त्यात कारकून आहे, त्याची पेटी आहे आणि वरिष्ठ आहे. प्रामाणिक कारकुनाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन त्यातून मिळाले हे खरेच. पण सिद्ध करावयाचे होते ते त्यानेच. पुढे या युक्तीबद्दल एडमंडसन रेल्वे कंपन्यांकडून दर मैलामागे सालीना दहा शिलिंग घेऊ लागला, यावरून कंपन्यांना कोणाची भीती अधिक वाटत होती याचा अंदाज करावा.

इथवर कोणी वाद घालणार नाही. वाद आहे तो मुंबईच्या ट्रामचा, कारण आपल्याकडचे फुकट्यांचे पुराण बहुधा तिच्यापासून सुरू होते. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या; एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते, ते लोकांची गर्दी वाढल्यावर दोन आणे झाले. आरंभी तिकीट देत नसत. त्याच वर्षी तिकिटे देणे सुरू झाले, आणि त्याचे कारण म्हणून जे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात जसेच्या तसे उतरत आले आहे ते असे, की विनातिकीट प्रवासाला आळा घालण्यासाठी ही तजवीज झाली. हे वाक्य लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्याही हे ध्यानात आलेले दिसत नाही, की ज्या गाडीत तिकीट ही चीजच नव्हती तीत झाडून सारे उतारू विनातिकीटच होते, मग तीन आणे मोजून देणारा असो वा काळबादेवीच्या वळणावर उडी मारून पसार होणारा असो.

तेव्हा त्या काही महिन्यांत कंपनीला नेमके काय सलत होते, याचा विचार करावा. वाहक बाकांमधून हिंडतो, आणे गोळा करतो, सायंकाळी ते आणून ओततो. कंपनीच्या कारकुनाने त्या राशीची तुलना कशाशी करावी? आज इतके उतारू बसले असे सांगणारा कागद नाही, अर्ध्या वाटेत चढले किती आणि उतरले किती याची नोंद नाही. रक्कम अपेक्षेहून कमी भरली तर तिचे तीन अर्थ संभवतात: उतारूने चुकवली, वाहकाने खिशात घातली, किंवा तीन आण्यांच्या ऐवजी दोन आणे घेऊन ‘बसा’ म्हणणारा आणि ते देऊन बसणारा अशा दोघांनी मिळून गिळली. कंपनीच्या खतावणीत हे तिन्ही प्रकार एकाच तुटीच्या रूपाने दिसतात. त्यांतील पहिल्याचा बंदोबस्त करायला तिकीट लागत नाही. उतारूकडे बोट दाखवून भाडे मागणारा वाहक पुरेसा आहे, आणि तो गाडीतच आहे. तिकिटावाचून ज्यांचा उलगडा होत नाही ते दुसरा आणि तिसरा प्रकार होत. म्हणून माझे अनुमान असे, की १८७४ च्या तिकिटाने फुकट्याला पकडले असेल तर ते आनुषंगिक फळ. त्याचा खरा निशाणा पैसे घेणाऱ्या हातावर होता. उतारू चुकवाचुकवी करीत नव्हते असे मी म्हणत नाही. आपण मुंबईकरांना आणि नाशिककरांनाही तितके ओळखतो.

अनुमानाला बळकटी हवी असेल तर त्याच काळी अमेरिकेच्या ट्रामगाड्यांतून पसरलेल्या घंटीच्या पंचाकडे पाहावे. प्रत्येक भाड्यागणिक वाहकाने कागदाला भोक पाडायचे. पंचातली घंटी वाजते, आतला आकडा एकाने पुढे सरकतो, आणि कागदाचा तुकडा कुलूपबंद पोटात पडून राहतो, जो आगारात मोजता येतो. घंटी वाजवायची कशासाठी? उतारूने ऐकावी म्हणून. पैसे दिले आणि घंटी वाजली नाही तर तो वाहकाकडे पाहणार, आणि अशा रीतीने कंपनीला गाडीभर बिनपगारी तपासनीस लाभणार. भाडे घेताच उतारूसमक्ष पंच करावे अशी न्यूयॉर्कच्या एका ट्राममधली वाहकांना दिलेली सूचना यमकांत पडून लोकांच्या तोंडी इतकी बसली, की मार्क ट्वेनने १८७६ साली त्या वेडावर एक विनोदी कथाच लिहिली. लंडनच्या मोठ्या ऑम्निबस कंपनीने १८९१ साली तिकिटांची पद्धत आणली तेव्हा तर पुरावा रस्त्यावरच उतरला: जूनमध्ये संप झाला, आणि तो वाहक-चालकांचा होता. कामाच्या बेसुमार तासांचे गाऱ्हाणे त्यात होतेच. पण दिवसाच्या वसुलीतला काही भाग आपला, ही वाहकांची जुनी आणि मालकांनी डोळेझाक केलेली वहिवाट तिकिटाने मोडली होती, हेही होते. तिकिटाचे लक्ष्य प्रवासी असता तर त्याच्याविरुद्ध संप वाहकांनी का करावा?

ही जुनी दृष्टी आपल्याकडे एसटीत दीर्घकाळ टिकून राहिली. तपासणी पथक गाडीत चढले की पहिल्याने वाहकाचे वेबिल आणि तिकिटांचे क्रमांक ताडून पाही, आणि तिकीट नसलेला उतारू सापडला तर त्याला विचारी, ‘पैसे दिले होते का?’ त्याचा जबाब वाहकाच्या अफरातफरीचा पुरावा होई. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या हरियाणातील एका वाहकाच्या प्रकरणात अकरा उतारूंनी, भाडे दिले पण तिकीट मिळाले नाही, असे पथकाला सांगितले होते. चौकशीत त्यांना हजर करण्यात आले नव्हते, तरी न्यायालयाने वाहकाची बडतर्फी उचलून धरली. तिकीट नसलेला माणूस येथे निःसंदिग्धपणे साक्षीदार आहे.

रेल्वेचा कायदा मात्र केव्हाच दुसऱ्या वाटेने गेला. १९८९ च्या अधिनियमाच्या कलम १३८ अन्वये तिकीट दाखवू न शकणाऱ्या उतारूने भाडे आणि वर दंडाची रक्कम भरायची. आणि तो कोठून बसला याविषयी संशय असेल तर गाडी जेथून सुटली तेथपासूनचे भाडे भरायचे. म्हणजे संशयाचा फायदा सरकारला. खिडकीवरचा कारकून जोवर एडमंडसनच्या क्रमांकांनी बांधलेला होता तोवर ही कठोरता काही अंशी समजण्यासारखी होती. पैसे दिलेल्याला तिकीट मिळालेच असणार, असे धरता येई.

आणि मग कारकून आणि वाहक दोघेही उठून गेले. याचीही सुरुवात जुनी आहे: स्लॉसन नावाच्या अमेरिकनाची काचेची पेटी लावलेल्या लहान ट्रामगाडीत वाहकच नसे; उतारूने नाणे पेटीत टाकायचे, ते काचेतून चालकाला दिसायचे पण त्याच्या हाताला लागायचे नाही. तरी तेथेही अविश्वास निदान दोघांत वाटलेला होता. आजच्या मेट्रोच्या दारापाशी पैसे घेणारे मनुष्य नाही, तेव्हा अपहार करू शकेल असा चाकरही नाही; ज्याच्यासाठी पाळत निर्माण झाली तो पगारपत्रकावरून नाहीसा झाला आणि पाळत तेवढी शिल्लक राहिली. ती उरल्या एका माणसावर, उतारूवर, येऊन बसली, आणि गंमत अशी की कारकुनाचे कामही त्याच्याच गळ्यात पडले: स्थानक निवडणे, रक्कम भरणे, नोंद जपून ठेवणे, आणि फोनमधली बॅटरी शेवटच्या स्थानकापर्यंत पुरवणे. पैसे चुकते करूनही जिचा फोन मध्येच बंद पडला अशी निफाडहून आलेली म्हातारी आणि मुद्दाम न देणारा चोर, यांत पडद्यावर काही भेद दिसत नाही.

सिंहस्थात ही माणसे लाखांनी येणार आहेत. १८७४ च्या वाहकाविषयी मालकाला जी अडचण होती, की पैसे आले की नाही हे कळण्याचा मार्ग नाही, ती आता उरलेली नाही; फोनवरून भाडे दिले की त्याची वेळेसह नोंद घेणाऱ्याच्याच दफ्तरी पडते. असे असता ती शोधून काढण्याचा भार दाखवणाऱ्यावर का असावा, तपासणाऱ्यावर का नसावा, हे कोणी वक्ता सांगेल तर त्याचे व्याख्यान मी अवश्य ऐकेन. तोवर मागणी दोनच: फोनवर काढलेल्या तिकिटाचीही कागदी प्रत मागेल त्याला खिडकीवर विनामूल्य मिळावी, आणि उतारूने ‘पैसे दिले आहेत’ असे म्हटल्यावर, त्याने सांगितलेल्या फोन-क्रमांकावरून तपासनिसाने आपल्या यंत्रात ती नोंद पाहिल्याखेरीज दंडाची पावती फाडू नये.