मी बसतो, तू ऊठ

स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टन तळ्याकाठी, पाइनच्या शेंड्यावर काटक्यांचं घरटं आहे. एप्रिलचा गार वारा. ऑस्प्रे पक्ष्याची मादी अंड्यांवर बसलेली. नर येतो, पंजात मासा. माशाचं डोकं बहुतेकदा त्यानं आधीच खाल्लेलं असतं. तेवढी हक्काची मजुरी! मासा घेऊन ती शेजारच्या फांदीवर जाते. तो नख्या आत मुडपून, जपून अंड्यांवर बसतो. मी बसतो, तू ऊठ.

आपल्याकडे आजाऱ्याच्या उशाशी कुणीतरी रात्रभर जागतं. आपण विचारतो, “काही हवंय का?” विचारायला बरं वाटतं. पण त्या जागणाऱ्याला ऐकायचं असतं एवढंच: मी बसतो, तू ऊठ. दोन घास खाऊन घे.

फांदीवर ती सावकाश जेवते आहे. घाई नाही. घरट्यात तो बसलाय.