मूल शाळेंत न आल्यास दोष कोणाचा?

एखाद्या खेड्यांतील शाळेच्या पटावर तीस मुलांचीं नांवें असावीं, आणि वर्गांत मात्र बाराच बसलेलीं दिसावीं, हा प्रकार वाचकांस नवा नाहीं. बाकीचीं अठरा कोठें गेलीं, असें विचारिल्यास एक मास्तर म्हणतील, "तीं मुळांतच मंद, त्यांस विद्येची गोडी नाहीं." दुसरे मास्तर कांहीं न बोलतां त्यांच्या वस्तीकडे चालूं लागतील. दोघेही एकाच ट्रेनिंग कॉलेजांतून आलेले असूं शकतील. भेद आहे तो मूल म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तराचा. हें उत्तर कोणी सहसा बोलून दाखवीत नाहीं. परंतु शिक्षकाच्या छडीवरून व त्याच्या पायांवरील धुळीवरून तें ओळखतां येतें.

जें एका शिक्षकाचें, तेंच सरकारचेंही. १८३५ सालीं मेकॉले साहेबांनीं असें मत मांडिलें कीं, सरकारपाशीं द्रव्य थोडें. सबब आधीं एका लहान वर्गास शिकवावें, व त्या वर्गानें तें ज्ञान पुढें बहुजनांस पोहोंचवावें. वर ओतलेलें पाणी खालीं झिरपेल, असा हा हिशेब. पण विहीर खणणारास विचारा: मध्यें कातळ लागला कीं झिरपणें थांबतें. आपल्या समाजांत जातीचा कातळ थरावर थर पसरलेला होता.

हें जोतीराव फुले यांनीं ओळखिलें. त्यांनीं अहमदनगर येथें मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती, आणि १८४८ सालीं पुण्यांत स्वतः मुलींची शाळा काढिली होती. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें त्यांनीं निवेदन केलें कीं, सरकारचें उत्पन्न रयतेच्या श्रमावर उभें, आणि विद्येचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस, हा न्याय नव्हे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. मुलांस वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेती व आरोग्य यांचेंही थोडें ज्ञान द्यावें. आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास ज्यास लाज वाटत नाहीं असा शिक्षक नेमावा, अशी त्यांची मागणी होती. यांतील शेवटचें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. कुणब्याच्या मुलाची बुद्धि कमी आहे असें जो मानितो, त्याला असला शिक्षक मागण्याचें सुचणारच नाहीं.

पुढें ताराबाई मोडक यांनीं मॅडम माँटेसरी यांच्या विचारांचा आधार घेतला. मुलाच्या ठायीं शिकण्याची भूक उपजतच असते, मोठ्यांनीं तिला योग्य परिस्थिति पुरवावी, असें तें मत. परंतु माँटेसरींचीं साधनें महाग. म्हणून ताराबाईंनीं पानें, खडे, शंख-शिंपले यांवर भागविलें. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें काम आरंभिलें, व नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत तें चालविलें. मुलें कां येत नाहींत? कोणाच्या कडेवर धाकटें भावंड, कोणाच्या मागें गुरें. तेव्हां शाळेशेजारींच पाळणाघर केलें, आणि गुराख्यांसाठीं शाळाच कुरणांत नेली.

पाठांतराची थट्टा करण्याची हल्लीं चाल पडली आहे, ती मात्र मला पसंत नाहीं. बाजारांत पाढेच कामीं येतात, आणि दृष्टि गेलेल्या आजीबाईस लहानपणीं पाठ केलेलीं स्तोत्रें अखेरपर्यंत सोबत करितात. मुलाचें डोकें म्हणजे रिकामी कणगी, असें समजून जें कोंबिलें जातें, तेवढेंच वाईट.

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. फुल्यांच्या निवेदनानंतर तब्बल १२८ वर्षांनीं. तरी बीडकडील कुटुंबें ऊसतोडीस निघालीं म्हणजे मुलांचीं नांवें पटावर राहतात, आणि मुलें फडांत. त्यांच्यासाठीं कोठें कारखान्याजवळ साखरशाळा निघाल्या, कोठें गांवींच हंगामी वसतिगृहें. साखरशाळेंत मूल आईबापांजवळ राहतें, पण हंगाम संपला कीं वर्ग मोडतो. वसतिगृहांत अभ्यास अखंड चालतो, पण सहा वर्षांचें लेंकरूं कित्येक महिने आईवांचून काढितें. मुलास आधीं काय हवें, हें ठरविल्यावांचून या दोहोंतून निवड करितां येत नाहीं. आणि तें ठरवितांना त्याच्या आईस कोणी विचारिल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं.