बिनतारी नाद आणि शेजारधर्म

गृहस्थ आपल्या घरात ज्या वस्तू आणतो त्यांपैकी बहुतेक त्याच्या भिंतींच्या आतच राहतात. कपाट, पलंग, समई, ग्रंथ ही सारी त्याची आणि त्याच्यापुरती. परंतु धूर, सांडपाणी, दुर्गंध आणि नाद हे चार पदार्थ असे आहेत की त्यांना धनी असतो, पण हद्द नसते. शेजाऱ्याशेजाऱ्यांतील कितीतरी कज्जे या चौघांपायी उभे राहतात, हे वकिली व्यवसायात वावरणाऱ्या कोणासही ठाऊक आहे. यांपैकी नादासंबंधी नव्याने विचार करावयाचे निमित्त म्हणजे आमच्या आणि आमच्यासारख्या अनेकांच्या दिवाणखान्यात अलीकडे येऊन उभे राहिलेले बिनतारी स्पीकर.

प्रथम या वस्तूचे स्वरूप पाहू. कमरेएवढ्या अथवा त्याहून उंच अशा दोन पेट्या जमिनीवर उभ्या असतात. अँप्लिफायर त्यांच्या पोटातच बसवलेला असल्यामुळे निराळे यंत्र लागत नाही. आणि गाणे त्यांच्याकडे ब्लूटूथने किंवा घरातील वाय-फायवरून, हातातल्या मोबाइलच्या आज्ञेने, येते. ‘बिनतारी’ हे विशेषण मात्र अर्धेच खरे आहे, कारण विजेची तार लागतेच. गेली ती तार निराळी. वाजविणारा आणि वाजणारे यंत्र यांना जोडणारी. ग्रामोफोनच्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन-साडेतीन मिनिटांत संपे आणि ती बदलण्यासाठी कोणाला तरी उठून यंत्रापाशी जावे लागे. रेडिओचे बटण फिरविणाराही रेडिओसमोरच असे. आता वाजविणारा माडीवर असू शकतो, परसात असू शकतो, काही सोयींमुळे तर घराबाहेरही असू शकतो; आणि कोणी थांबविले नाही तर एका गाण्यामागून दुसरे असे ते चालूच राहते. या सोयीच्या पोटी नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. जो नाद निर्माण करतो, त्याने त्या नादात स्वतः उपस्थित असले पाहिजे काय?

या वस्तूची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. ज्या वृद्धांना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांना घरबसल्या कीर्तन ऐकता येते, ही काही लहान गोष्ट नाही. खर्जातील षड्जाचे भारदस्तपण किंवा डग्ग्याची घुमार लहानशा पेटीतून पूर्णपणे उमटत नाही. उंच पेटीतील मोठे पडदे ती जिवंत करतात. ज्या गोमंतकाने केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका दिल्या, तेथील माणसाला उत्तम गाणे उत्तम रीतीने ऐकण्याची हौस असावी यात नवल ते काय? ती हौस इतर कोणाच्या जिवावर भागविली जाते काय, एवढेच पाहावयाचे आहे.

कायद्याने या प्रश्नाचा विचार पूर्वीपासून केला आहे. १८९३ सालचा ‘क्रिस्टी विरुद्ध डेव्ही’ हा इंग्रजी निवाडा कायद्याच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एका सामाईक भिंतीच्या दोन बाजूंस दोन कुटुंबे राहत. एका घरी संगीताच्या शिकवण्या चालत. पलीकडच्या गृहस्थाने वैतागून भिंत ठोकणे, थाळ्या बडविणे, शिट्या घालणे असा उद्योग आरंभिला. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी संगीताला उपद्रव मानले नाही. मनाईहुकूम दिला तो थाळ्या बडविणाऱ्याविरुद्ध, कारण त्याचा आवाज केवळ शेजाऱ्यास छळण्यासाठी होता. दोन्ही पक्ष निर्मळ मनाचे असते तर आपण निराळा विचार केला असता, असेही त्यांनी म्हटले. म्हणजे त्या न्यायासनाने आवाजाबरोबर आवाजामागचा हेतूही तोलला.

आपल्याकडील नियम हेतूपेक्षा मापाकडे पाहतात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे; आणि खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीपाशी या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणखी एक तत्त्व स्पष्ट केले. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले असले, तरी ध्वनिवर्धकाच्या बळावर दुसऱ्यास ऐकावयाची सक्ती करण्याचा अधिकार त्यात येत नाही.

हेतू आणि माप या दोन तराजूंत सारे तोलले गेले असे वाटेल. पण घरातील उंच स्पीकर या दोहोंच्या मधून निसटतो. तो लावणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, आणि पुष्कळदा तो मापही ओलांडत नाही. येथे थोडे पदार्थविज्ञान सांगितले पाहिजे. ५००० हर्ट्झच्या उंच स्वराची हवेतील लहर सुमारे ७ सेंटिमीटर लांब असते, तर ५० हर्ट्झच्या खर्जाची सुमारे ७ मीटर. उंच स्वर भिंतीपाशी बहुतांशी अडतात; खर्ज मात्र भिंतीलाच हलवून पलीकडे जातो. त्यामुळे जे गाणे आपण ऐकतो ते शेजाऱ्याला मिळतच नाही. आलाप, शब्द, मुरक्या इकडेच राहतात आणि तिकडे पोचतो तो केवळ ठोका. त्यात भर अशी की, नियमांतील डेसिबल ‘ए’ मापाचे आहेत. हे माप माणसाच्या कानाला अनुसरून खर्जाला फार कमी लेखते. ५० हर्ट्झच्या आवाजाची नोंद त्यात सुमारे ३० डेसिबल कमी होते. ज्या आवाजाला भिंत अडवू शकत नाही, त्याच आवाजाकडे मापयंत्र काणाडोळा करते. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला गृहस्थ शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडू शकतो, तो असा.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. “आम्ही काही वाईट लावत नाही, अभंग लावतो, आरती लावतो. ते कानी पडले तर शेजाऱ्याचे कल्याणच होईल.” वाचकहो, वर सांगितलेली गोष्ट ध्यानात घेतली तर हा आक्षेप आपोआप गळून पडतो. भिंतीपलीकडे अभंग जातच नाही. जाते ती मृदंगाची धडधड. पुण्य इकडे आणि ठोके तिकडे, अशी ही वाटणी आहे. शिवाय कोणताही धर्म दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावयास सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात म्हटले आहे. ते आपणांसही तितकेच लागू आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान दिलेले आहे. पण श्रवण म्हणजे ऐकणाऱ्याने आपल्या इच्छेने केलेली क्रिया. ज्याच्यावर नाद येऊन आदळतो त्याच्याकडून श्रवण घडत नाही.

मग देवळातील नादाचे काय, असे कोणी विचारील. त्या नादाकडे पाहिले असता आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे वाटते. देवळात घंटा वाजविणारा घंटेखालीच उभा असतो. तिचा पहिला आघात त्याच्याच कानावर होतो. नौबतखान्यातील वाजंत्री चौघड्यापाशी बसलेले असतात, ठरलेल्या वेळी आरंभ करतात आणि ठरलेल्या वेळी थांबतात. तो नाद मोठा असला तरी त्याला वेळ आहे, शेवट आहे, आणि त्याच्या आत उभा असलेला कर्ता आहे. कर्ता नादाच्या आत असला म्हणजे त्याचे कानच त्याला आवरतात. फार झाले हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. बिनतारी यंत्राने काढून घेतला आहे तो हा अंकुश. मोबाइलवर बोट ठेवून जो माडीवर निघून गेला, त्याला आपण काय चालविले आहे हे कळण्याचा मार्गच उरत नाही. दुष्टपणा त्याच्या ठायी नाही. तो केवळ तेथे नाही. आणि आमच्या मते आजच्या गृहस्थाचा दोष बहुधा याच जातीचा असतो.

ही गोष्ट शेजारापुरतीच नाही. एकाच छपराखाली कोणाचा जप चालू असतो, कोणाची परीक्षा जवळ आलेली असते, कोणाचे डोके दुखत असते. पूर्वी दिवाणखान्यात काही लावावयाचे तर तेथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या देखत लावावे लागे; त्यांच्या चेहऱ्यावरची आठी दिसे. आता ज्याच्या हाती मोबाइल त्याची सत्ता, आणि आठी पाहावयास तो तेथे असेलच असे नाही. बोलून दाखविण्याचा ज्यांचा स्वभाव नाही, ती माणसे अशा घरात हळूहळू आपल्या खोलीत मिटून बसतात. एवढी किंमत देण्याजोगे कोणतेही गाणे नाही.

म्हणून आमच्या घरी एक साधा नियम पाळला जातो. ज्याने लावले त्याने तेथे बसून ऐकावे. उठून जावयाचे तर बंद करून उठावे. पेट्या कोपऱ्यात अथवा भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, कारण कोपरा खर्जाला बळ देतो. सामाईक भिंतीपासून त्या शक्य तितक्या दूर असाव्यात, माडीवर त्यांच्याखाली रबराच्या गाद्या असाव्यात, आणि दिवे लागणीनंतर खर्ज उतरवावा. या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. या सर्वांहून उपयुक्त असा एक उपाय मात्र प्रत्येकाने आपल्यापुरता करून पाहावा. आपल्या घरी नेहमीच्या आवाजात गाणे लावून ठेवावे, शेजाऱ्याकडे जावे, त्याच्या परवानगीने त्या भिंतीपाशी पाच मिनिटे बसावे, आणि तेथे काय ऐकू येते ते ऐकावे.