पडत्या भावात कोण विकतो?

भाची : मामा, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २६ हजारांच्या खाली गेला. जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५० हजारांचा टप्पा गाठला. ज्याने हात लावला नाही, त्याचे पैसे जवळजवळ दुप्पट झाले. मग रिक्षावाल्याला आपण बाजारापासून लांब का ठेवतो?

मामा : हात न लावणं त्याला परवडलं असतं का? टाळेबंदीत रिक्षा दारात उभी. भाडं, हप्ता, किराणा थांबत नाही. म्युच्युअल फंडात पन्नास हजार असते, तर त्याने ते एप्रिलमध्येच काढले असते, पडत्या भावात. आणि त्या भावात घेणारा कोण? ज्याचा वर्षभराचा खर्च बाजूला ठेवलेला होता, तो.

भाची : म्हणून त्याने मुदत ठेवीतच राहायचं? त्या वर्षी ठेवीवर पाच-साडेपाच टक्के मिळत होते, महागाई सहाच्या वर. तुम्ही त्याला सावकाश गरीब व्हायला सांगताय.

मामा : हे खरं आहे, आणि मला ते छळतं. बाहेर राहिला तर मागे पडतो; आत गेला तर घरात आजारपण येईल त्या दिवशीचा भाव त्याच्या नशिबी.

भाची : धोका सगळ्यांनाच असतो, मामा.

मामा : सारखा नसतो गं. कोटीतले वीस लाख गेले तरी घरातलं दूध बंद होत नाही. शिवाय ज्याला थांबायला सवड नाही, तोच झटपट कमाईकडे ओढला जातो. सेबीची पाहणी बघ : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. शेवटच्या वर्षी यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं.

भाची : मग मार्गच नाही?

मामा : एक आहे. ईपीएफचा काही पैसा २०१५ पासून शेअर बाजारात जातो, पण कामगाराला जाहीर झालेलं व्याज मिळतं. २०१९-२० साठी ते साडेआठ टक्के होतं. पडझड एकट्याच्या अंगावर आली नाही.

भाची : पण रिक्षावाल्याला ईपीएफ कुठे आहे?

मामा : नाही. घरकाम करणाऱ्या मावशींनाही नाही. त्यांना ‘एसआयपी करा’ सांगण्याआधी, हे त्यांना मिळावं म्हणून आपण भांडायला हवं.