बरे झाल्यानंतरचे जगणे



तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेऊन कुणी घरी परतले, की आपण देवाचे आभार मानतो आणि म्हणतो, "बरा झाला." ते योग्यच आहे. हे उपचार आज लातुरातही मिळतात. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालयही आपल्याकडच्या कुटुंबांना परके नाही. पण आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे किरण घेतल्यानंतर तो माणूस कसा जगतो, हे आपण क्वचितच विचारतो.

किरण रोगाच्या पेशी मारतात, पण लगतच्या लाळग्रंथींनाही इजा करतात. तोंड कोरडे पडते, काहींचे कायमचेच. चव जाते, ती परत यायला महिने लागतात. जबडा आखडतो, भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेच्याने जिभेची आग होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा लातूरकरांनी तहान अनुभवली. ती साऱ्या शहराची तहान होती. या रुग्णाची तहान मात्र घरात हंडे भरलेले असूनही उरते, आणि ती त्याची एकट्याची असते.

अशा वेळी त्याच्या मनात येते, "या जगण्याला काय किंमत?" येथे दोन गोष्टींची गल्लत होते. जीवनाचे मोल वेगळे आणि जीवनाचा दर्जा वेगळा. मोल देवाने दिलेले आहे; ते आवाजावर वा चेहऱ्यावर अवलंबून नाही. 27 मार्च 2005 रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, पोप जॉन पॉल दुसरे खिडकीशी आले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी हातानेच आशीर्वाद दिला. त्या दिवशी ते कमी मोलाचे झाले नव्हते.

परंतु मोल अबाधित आहे म्हणून दर्जाचा विचारच नको, असे म्हणणे ही दुसरी चूक होय. "जीव वाचला ना, मग आता क्रूस समजून सोस," असे आपण सहज बोलून जातो. प्रभूने मात्र क्रूसावर आपली तहान लपवली नाही, ती बोलून दाखवली. कुणी म्हणेल, तंबाखू खाल्ली त्याचे हे फळ. तंबाखू घातक आहेच, ती सोडलीच पाहिजे. पण जन्मांध माणसाविषयी 'पाप कुणाचे?' असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने तो हिशेब मांडू दिला नाही.

डॉक्टर हा दर्जा मोजतात. त्यासाठी युरोपात तयार झालेली 35 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी ती आपल्याकडच्या रुग्णांवर पडताळून 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात वेदना, लाळ, दात यांविषयी प्रश्न आहेत. पण घरच्यांसमोर जेवताना अवघड वाटते का, लोकांशी बोलताना, फोनवर बोलताना, चारचौघांत जाताना त्रास होतो का, असेही प्रश्न आहेत. आमच्या मते विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. लाळ आपण परत आणू शकत नाही. पण या प्रश्नांची उत्तरे रुग्ण एकटा लिहीत नसतो. त्याच्या पंक्तीला बसणारे आपणही ती लिहीत असतो.

म्हणून घरात कधीतरी सर्वांसाठीच मऊ खिचडी, कमी तिखटाचे वरण शिजू द्या. त्याचे वाक्य मध्येच आपण पूर्ण करू नका. दात काढण्यापूर्वी किरण घेतल्याचे दंतवैद्याला आवर्जून सांगा. मिस्साला पाण्याची बाटली खुशाल आणा. पाण्याने कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडत नाही. ख्रिस्तशरीर गिळता येत नसेल तर मिस्सापूर्वी आम्हाला सांगा. गरजेच्या वेळी केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देण्यास चर्चच्या कायद्याचे 925 वे कलम मुभा देते, आणि त्या एका रूपातही संपूर्ण ख्रिस्त असतो.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने धड बोलता न येणाऱ्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला नेले, मग आपल्या थुंकीने त्याच्या जिभेला स्पर्श केला. त्याला सर्वांसमोर अवघडू दिले नाही, आणि स्पर्श करताना किळसही मानली नाही. आपल्या धर्मग्रामातील अशा प्रत्येक बंधुभगिनीच्या शेजारी बसण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो.