काडतूस कोण भरणार?

सगळ्यांना चालतं ते सोडून मोजक्यांनाच चालेल असं काही निवडणं हा हक्क आहे, हौस आहे, की दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेलं ओझं? साहित्याच्या नियतकालिकात हा प्रश्न भाषेबद्दलचा असणार असं वाटेल. मला तो रायफलच्या काडतुसांमुळे पडला. मी नेमबाज नाही. पण नेमबाजीच्या एका हस्तपुस्तिकेचा अनुवाद काही महिने माझ्या टेबलावर होता आणि लांब पल्ल्यासाठी कोणता बोअर घ्यावा, या प्रकरणापाशी मी अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळले.

प्रकरणाचा गाभा सोपा आहे. हजार यार्डांवरच्या लक्ष्यापर्यंत जाताना गोळीला सर्वांत जास्त छळतो तो वारा. गोळी जितकी लांब, निमुळती आणि आपल्या जाडीच्या मानाने जड, तितकी ती वाऱ्याला कमी बधते. म्हणून साडेसहा मिलिमीटरच्या गोळ्यांना लांब पल्ल्यावर मान आहे. दुसरीकडे १९५२ साली बाजारात आलेलं .३०८ विंचेस्टर. वाऱ्यात ते थोडं जास्त सरकतं, पण परदेशात ते जवळपास प्रत्येक दुकानात मिळतं आणि त्याचे तक्ते हजारो लोकांनी पडताळलेले असतात. १९९७ साली याच .३०८च्या पितळी टोपणाची मान आवळून .२६० रेमिंग्टन बाजारात आणलं गेलं. गुणांनी ते सरस होतं, तरी विरळच राहिलं. २००७ साली ६.५ क्रीडमूर आलं. कागदावर दोघांत फरक नगण्य. पण क्रीडमूरसोबत नेमबाजीच्या दर्जाची तयार काडतुसं डब्यात मिळू लागली, त्याला साजेशा रायफलीही आल्या, आणि काही वर्षांत विरळ होतं ते रुळलं. .२६०ला धरून राहिलेले बरेच जण घरी बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरत राहिले.

आता नीतीचा भाग. ‘सगळ्यांनी असंच केलं तर?’ ही कसोटी आपण सहसा लावतो. प्रत्येकाने आपापला विरळ बोअर घेतला, तर कुठलाच कारखाना चालणार नाही आणि स्पर्धेत काडतुसं संपली तर शेजाऱ्याकडे उसनी मागता येणार नाहीत. उलट सगळ्यांनी रुळलेलाच घेतला, तर उद्याचं रुळलेलं जन्मालाच येणार नाही. क्रीडमूरही कुणीतरी आधी विरळ असतानाच घेतलं होतं. कसोटी दोन्ही बाजूंनी नापास होते. म्हणजे चांगलं-वाईट विरळपणात नाही आणि सर्रासपणातही नाही. ते दुसरीकडे कुठेतरी शोधायला हवं.

ते मला आपल्याच देशाच्या इतिहासात सापडलं. इथे विरळ बोअर ही बहुतेकदा निवड नव्हतीच, ती सक्ती होती. इंग्रज सरकारच्या फौजेची रायफल थ्री-नॉट-थ्री. म्हणून ती प्रजेला नको. तर्क सरळ होता: प्रजेच्या बंदुकीत सरकारी काडतूस बसता कामा नये. १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या काडतुसांवरही हिंदुस्थानात बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना ती दारूगोळा पुरवतील अशी भीती होती. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी रायफली बनवणाऱ्या विलायती कारागिरांना मग .४६५, .४७० असे आकडे शोधावे लागले. आकड्यांमागे शास्त्र कमी, कायदा जास्त. इशापूरच्या कारखान्याने तर थ्री-नॉट-थ्रीच्याच सांगाड्यावर .४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटी पहारेकऱ्यांसाठी बनवल्या. दिसायला तीच बंदूक, पण फौजेचं काडतूस तिला चालू नये अशी बेतलेली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यानंतरही हीच विभागणी टिकली: लष्करी बोअर निषिद्ध, बाकीचे परवान्यावर.

या विभागणीतूनच .३१५ बोअरची देशी रायफल उत्तर भारतभर पसरली. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं, ८ मिलिमीटर मॅन्लिशर. इथल्या सरकारी फौजेचं नाही, एवढीच त्याची पात्रता. ते साम्राज्य १९१८ साली संपलं; त्याचं काडतूस मात्र आमच्याकडे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का घेऊन नांदत राहिलं. अनुवादकाला असल्या गोष्टींचं नवल वाटत नाही. खुद्द ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि ‘बंदूक’ अरबीतून. तिथे मूळ अर्थ होता एक टणक कवचाचं फळ. मूळ घरी विसरल्या गेलेल्या वस्तू परक्या घरी रोजच्या वापरात असतात.

म्हणजे विरळपणाचे दोन चेहरे. परदेशातल्या हौशी नेमबाजाला विरळ बोअर म्हणजे स्वातंत्र्य: मी माझ्या मनासारखं काडतूस भरीन. गुलाम देशातल्या परवानेधारकाला विरळ बोअर म्हणजे दावं: तुझी बंदूक आम्ही देऊ तेव्हाच आणि तेवढीच चालेल. आजही इकडे परवान्यावर बोअर लिहिलेला असतो, काडतुसांची संख्या ठरलेली असते, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही. ही बंधनं अनाठायी आहेत असं माझं म्हणणं नाही. घरोघरी दारूगोळा भरला जावा असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. मुद्दा एवढाच, की परदेशी पुस्तिकेतला ‘चौकटीबाहेरचं निवडा’ हा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. ज्याला स्वतः काडतूस भरता येत नाही, त्याची विरळ निवड दुसऱ्याच्या मर्जीवर जगते.

इथून मी बीरगांवला येते, कारण इथेच बसून मी मराठीत लिहिते. उरला आणि सिलतरा यांच्या कारखान्यांच्या शेजारचं हे गाव. रस्त्यावर छत्तीसगढी, दुकानात हिंदी, वजनकाट्यावर दोन्ही. मराठी इथे विरळ बोअर आहे. पण तिला बिचारी म्हणायला मी धजत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४पर्यंत छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होतं. तेव्हा मराठी ही इथली सरकारी बोअर होती, आणि छत्तीसगढी बोलणाऱ्याला तिच्या नेमासमोर उभं राहावं लागत होतं. आज विरळ आहे म्हणून कुठलीच भाषा आपोआप निष्पाप ठरत नाही. विरळपणा ही सद्‌गुणाची पावती नव्हे. त्यात इतिहासाचा हिशेब असतो, आणि तो आपल्याला सोयीचा असेलच असं नाही.

मग रुळलेलं घेणारे सगळे मेंढरं? तसंही नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० साली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. दोन्ही प्रकारांत वापरतात ती .२२ बोअर, जगातली सर्वांत सर्रास. इथे बोअर निवडायचं स्वातंत्र्यच नाही, नियमच तो आहे. पण या पातळीवरचा नेमबाज एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतो. कारण एका नळीला जो लॉट मानवतो, तो शेजारच्या नळीला मानवत नाही. जगभर सारखं दिसणाऱ्या काडतुसातून आपलं काडतूस शोधून काढायला आठवडे घालवावे लागतात. स्वतःचं काही असण्यासाठी विरळच असावं लागतं, हा समज इथे गळून पडतो. भाषेतही तेच आहे. चारचौघांच्या शब्दांतून आपलं वाक्य घडवणारा लेखक अनवट शब्द गोळा करणाऱ्यापेक्षा कमी वेगळा नसतो.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं. विरळ निवडीचं मोल तिच्या विरळपणात नाही. तिची किंमत कोण मोजतं यात आहे. विरळ बोअर घेऊन जो स्वतः टोपणं निवडतो, दारू तोलतो, वारा मोजतो, नोंदी ठेवतो आणि त्या नोंदी पुढच्या माणसाला मोकळ्या हाताने देतो, तो उद्याच्या रुळलेल्याची पायवाट पाडत असतो. जो निवडीचा दिमाख स्वतःकडे ठेवतो आणि दुकानदाराने, कारखान्याने, संघातल्या सोबत्यांनी आपली सोय लावावी अशी अपेक्षा करतो, त्याची निवड फार तर हौस. आणि ज्याच्यावर विरळपणा लादला गेला, त्याला या तराजूत तोलायचा अधिकार आपल्याला नाही.

हाच तराजू मी स्वतःला लावते. बीरगांवात मराठीत लिहायचं तर इथली मराठी मुलं ती का वाचत नाहीत म्हणून गाऱ्हाणं करत बसणं, हे दुसऱ्याने काडतूस भरून द्यावं म्हणून थांबणं झालं. भरायचं मला आहे. इकडचं छत्तीसगढीतलं मराठीत आणायचं, मराठीतलं हिंदीत न्यायचं, अडलेल्या शब्दांच्या नोंदी नीट लिहून ठेवायच्या. आणि कुणी मागितल्याच, तर बोअर न विचारता देऊन टाकायच्या.