समुद्रात वाट कोणाची?

खुल्या समुद्रावर दोन जहाजे समोरासमोर आली, तर कोणी वळायचे आणि कोणी सरळ जायचे हे आधीच ठरलेले असावे लागते. त्या घडीला विचारविनिमयाला सवड नसते. हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय नियमावली १९७२ साली संमत झाली आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. ती कोणत्याही जहाजाला वाटेचा निरपवाद हक्क देत नाही. एकावर बाजूला होण्याचे कर्तव्य येते, तर दुसऱ्यावर आपली दिशा आणि वेग कायम ठेवण्याचे. दुसरे कर्तव्य पहिल्याइतकेच कडक आहे, कारण सरळ जाणारे जहाज मध्येच डळमळले तर वळणाऱ्याचा सारा अंदाज चुकतो.

टकरीचा धोका ओळखण्याची खूण साधी आहे. समोरचे जहाज जवळ येत आहे आणि होकायंत्रावर त्याची दिशा मात्र बदलत नाही, म्हणजे दोघांच्या वाटा एकाच बिंदूवर एकाच वेळी मिळणार. यंत्रावर चालणारी दोन जहाजे थेट समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे जहाज आहे त्याने बाजू द्यायची. रात्रीचे दिवेही हेच सांगतात. प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. त्यामुळे छेदणाऱ्या वाटांवर बाजू देणाऱ्याला समोर तांबडा दिसतो आणि सरळ जाणाऱ्याला हिरवा. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. अंधारात प्रत्येकाला आपले काम रंगावरूनच कळते.

शिडाच्या नौकांचा हिशेब वाऱ्यावर चालतो. डाव्या अंगाने वारा घेणारी नौका उजव्या अंगाने घेणारीला बाजू देते. दोघींना एकाच अंगाने वारा मिळत असेल, तर वाऱ्याकडच्या नौकेने दूर व्हायचे. मागून ओलांडणाऱ्याने मात्र नेहमीच दूर राहायचे, मग ते शिडाचे जहाज का असेना.

एरवी यंत्राचे जहाज शिडाच्या नौकेला आणि मासेमारी करणाऱ्या नौकेला बाजू देते. इथे एक भेद कोकण किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचा ठरतो. जाळ्यामुळे हालचालीला अडथळा होत असेल तेव्हाच ती नौका मासेमारी करत आहे असे धरतात. जाळे वर घेऊन बंदराकडे परतणारा ट्रॉलर नियमांच्या दृष्टीने साधे यांत्रिक जहाज असतो. अरुंद खाडीत तर मासेमारी करणाऱ्यानेही इतरांची वाट अडवायची नसते.

बाजू देणारा वळलाच नाही तर? संशय येताच भोंग्याचे निदान पाच आखूड, झटपट आवाज द्यायचे. तो नियमाप्रमाणे वागत नाही हे स्पष्ट झाले, की सरळ जाणाऱ्याला स्वतः हालचाल करण्याची मुभा मिळते. आणि एकट्या बाजू देणाऱ्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतके अंतर कमी झाले, की ती मुभा सक्ती बनते. नियम माझ्या बाजूने होता, ही सबब तिथे चालत नाही, आणि ती चालू नये हेच योग्य.

धुक्यात हा सगळा क्रम बाजूला पडतो. जहाजे एकमेकांना दिसत नसतील, तर सरळ जाण्याचा मान कोणालाच नाही. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजे धडकली आणि ५१ जणांचा जीव गेला. रडारवर दोघांनी एकमेकांना आधीच पाहिले होते, पण एक डावीकडे वळले आणि दुसरे उजवीकडे. आजचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे. धुक्यात केवळ रडारवर दिसणारे जहाज पुढच्या बाजूला असेल आणि आपण त्याला ओलांडत नसू, तर शक्यतो डावीकडे वळायचे नाही. वेग सुरक्षित मर्यादेत ठेवायचा, आणि चालत्या यांत्रिक जहाजाने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने भोंग्याचा एक लांब आवाज देत राहायचे.